ड्रायव्हरच्या बाजूचा पंखा

भुताच्या अनुभवांच्या या पानावर बहुतेकांच्या गोष्टी रात्री घडतात. माझी भर दुपारी घडली.

मे महिना. गोंडपिपरी. जेवणानंतरची वेळ, जेव्हा आमच्याकडे कुत्रीसुद्धा नालीत जाऊन झोपतात आणि रस्त्यावर उन्हाशिवाय कोणी नसतं.

हे खरं आहे. पण ते पटवण्यासाठी मी कोणाची शपथ घेणार नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात भूतखेत, उतारा, लिंबू-मिरची यातलं काही शिरलेलं नाही. मी मानत नव्हते. आजही मानत नाही.

जे झालं ते माझ्या मानण्या-न मानण्याची वाट पाहत थांबलं नाही, एवढंच.

माझं नाव रीता. मी चंद्रपूरला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझे वडील नानाजी निमगडे. गोंडपिपरीत आष्टी रोडला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. टिनाचं छप्पर, समोर शटर, शेजारी ठमाबाईंचं चहाचं हॉटेल. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुट्ट्या लागल्या की मी दुकानात पुस्तक घेऊन बसायची आणि बाबा काम करायचे. आमचं बोलणं कमीच असायचं. त्याची दोघांनाही अडचण नव्हती.

बाबांची स्वतःची एक जुनी जीप होती. लालसूभाऊ ती चालवायचे. आष्टीच्या पुढे, आलापल्लीच्या रस्त्यावरच्या गावांमधून सवाऱ्या आणायचे. कधी बाजाराला निघालेल्या बाया, कधी बाळंतीण, कधी साप चावलेला माणूस.

त्या जीपचा मूळचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन हळू, तर पंखाही हळू. तेंदूपानांच्या हंगामात गच्च भरलेली जीप जंगलातल्या खराब रस्त्यावर रांगायला लागली की रेडिएटरमधलं पाणी उकळायचं. म्हणून बाबांनी भंगारातल्या एका कारचे दोन इलेक्ट्रिक पंखे मिळवले आणि रेडिएटरच्या मागे बसवायला घेतले. एक ड्रायव्हरच्या बाजूला, एक क्लीनरच्या बाजूला. पाणी तापलं की आपोआप चालू, थंड झालं की बंद. लाइन थेट बॅटरीवरून, म्हणजे चावी काढली तरी पाणी थंड होईपर्यंत पंखे फिरत राहतील.

आमचा शेवटचा साधा दिवस त्या वायरिंगमध्ये गेला.

ठमाबाई चहा घेऊन आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"नानाजीभाऊ, गाडीले दोन दोन पंखे. माह्या हाटेलात एक बी नाई. मी का उकळत नाई?"

"तू उकळली त कोणाच्या लक्षातच येत नाई," बाबा जीपखालून म्हणाले. "रोजचंच हाय थे."

ठमाबाईंनी चहाचा कप मुद्दाम त्यांच्या हाताला लागणार नाही असा ठेवला.

संध्याकाळी काम संपलं. बाबांनी मला हाक मारली. मी पाना उचलायला वाकले तर म्हणाले, हात काळे नको करू, पान धर तेवढं.

हे पान धरणं ही बाबांची पद्धत होती.

पंखा फिरतो म्हणजे तो नीट फिरतो असं नसतं. त्याच्या दोन तारा उलट लागल्या तर तो उलटा फिरतो. आवाज तोच, वेगही जवळपास तोच. पण बाहेरची हवा आत ओढण्याऐवजी तो आतली गरम हवा बाहेर ढकलतो. डोळ्यांना पटकन कळत नाही. म्हणून बाबा समोरच्या जाळीवर तेंदूचं पान धरायला सांगायचे. कागद चालायचा नाही. कागद हाताच्या घामाने ओला होतो आणि उगाच चिकटतो. पान खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे. पान जाळीला चिकटून राहिलं, तर पंखा बरोबर. उडालं, तर तारा उलट.

मी ड्रायव्हरच्या बाजूला पान धरलं आणि हात काढला.

"चिकटलं?"

"चिकटलं."

"दुसरं?"

"थे बी."

मग त्यांनी जोडांवर टेप गुंडाळला आणि टेपच्या टोकावर काळा दोरा बांधला. आमच्याकडच्या उन्हात टेपचा डिंक वितळतो आणि टोक सुटतं, म्हणून. बाहेरचे मिस्त्री त्या दोऱ्याला हसायचे. बाबा दोरा बांधायचेच.

दोन्ही पानं चिकटली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी बाबा लालसूभाऊंसोबत ट्रायलला गेले.

पुढचं मला लालसूभाऊंनी सांगितलं. आष्टी मागे पडलं. जंगल लागलं. एका वळणावर पाण्याच्या तापमानाचा काटा एकदम लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. बाबांना पटेना. लालसूभाऊ प्लॅस्टिकची डबकी घेऊन पुढच्या गावच्या हापशीवर पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा इंजिन बंद होतं, पंखे फिरत होते आणि बाबा रस्त्यावर बसलेले होते. जीपच्या तोंडाला पाठ टेकून.

"मले वाटलं, हवा घेऊन राह्यले," लालसूभाऊ म्हणाले. "त्यायचे केस उडून राह्यले होते ना."

बाबा तेव्हा गेलेले होते.

डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. बाबांचं वय, ऊन, सगळं जुळत होतं. त्या वेळी मी केसांकडे लक्ष दिलं नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लोक आले, गेले. जीप कोणीतरी ओढून आणून दुकानात लावली. आणि मग बोलणं सुरू झालं.

ओढून आणणाऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूचा पंखा उलटा फिरतो, असं तो सगळ्यांना सांगत होता. म्हणजे नानाजीने तारा उलट लावल्या. म्हणून पाणी उकळलं, म्हणून ते उन्हात थांबले, म्हणून गेले. जन्मभर वायरिंग केलं आणि स्वतःच्याच गाडीत चुकला.

दुसरं बोलणं त्याहून हळू आवाजात होतं. त्या वळणावर दुपारचं कोणी थांबत नाही. नानाजी थांबला. काहीतरी गाडीत बसून आलं.

माझा धाकटा भाऊ प्रफुल नागपूरला कंपनीत आहे. त्याने दोन्ही बोलणी ऐकली आणि ठरवलं की जीप भंगारात द्यायची, दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचं.

"बाबा थकले होते, ताई. चुकले असतीन."

"चुकले नाईत. मी पान धरलं होतं."

"मग पंखा उलटा कसा?"

ते ठाऊक नसलं तरी चुकीच्या उत्तराला मी हो म्हणणार नव्हते. जीप इथून हलणार नाही आणि दुकान बंद होणार नाही, एवढं मी त्याला सांगितलं. तो नागपूरला निघून गेला. परत येईन तेव्हा सोक्षमोक्ष लावू म्हणाला.

मी शटर उघडलं. बॉनेट उघडलं. इंजिन चालू करून पाणी तापू दिलं. पंखे सुरू झाले. मी पान धरलं.

क्लीनरच्या बाजूला चिकटलं.

ड्रायव्हरच्या बाजूला...

उडून माझ्या गळ्यावर येऊन आदळलं.

म्हणजे मिस्त्री खरं बोलत होता. मी खाली वाकून जोड पाहिला. टेप जसाच्या तसा. त्यावर काळा दोरा. बाबांची ती दुहेरी गाठ. कोणीही हात लावलेला नव्हता. जो जोड माझ्यासमोर बरोबर होता, तोच न उघडता उलटा झाला होता.

मी दोरा कापला. टेप सोडला. तारा अदलाबदल केल्या. हे काम मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते, पण हात अडखळले नाहीत. इतकी वर्षं पुस्तकाच्या वरून मी काय पाहत होते, ते माझ्या हातांना माहीत होतं. परत पान धरलं. चिकटलं. नवा टेप लावला. वरून दोरा बांधला, माझ्या गाठीचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात एकटी होते. शटर अर्धं ओढलेलं. ठमाबाईंनी हॉटेलवर गोणपाट टाकलं होतं आणि आत झोपल्या होत्या. रस्ता रिकामा. वारा नाही. टिनाचं छप्पर उन्हाने मधूनच वाजायचं.

मग छप्पर वाजायचं थांबलं.

दूर कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, तोही थांबला.

आणि...

जीपमध्ये पंखा सुरू झाला.

एकच.

इंजिन बंद होतं. आदल्या दिवसापासून बंद होतं. रेडिएटरला हात लावला, थंड होता. स्विच चिकटला असेल, असं मी मनाशी म्हटलं. होतं असं कधीकधी. मी त्या पंख्याचा फ्यूज ओढून काढला.

पंखा फिरत राहिला.

पंख्याला वीज सोडणारा रिले खराब असेल, कुठे तार घासली असेल. मी बॅटरीचं टर्मिनल सोडवलं. आता त्या जीपमध्ये वीज येण्याचा कोणताही रस्ता उरला नव्हता.

पंखा फिरत राहिला. हळू. एका लयीत.

मी समोर जाऊन उभी राहिले. हवा माझ्या अंगावर येत होती. थंड रेडिएटरमधून येणारी ती हवा गरम होती. ओलसर गरम, तापात पडलेल्या माणसाने तोंडाजवळ येऊन सोडावी तशी.

मी खाली वाकले. दोरा बघितला. माझीच गाठ. घट्ट.

तारा परत उलट झाल्या होत्या.

मी पळाले नाही. हे शौर्य म्हणून सांगत नाही. मला इतका राग आला होता की भीतीला जागा उरली नाही. मी कापला दोरा. तारा बदलल्या. बांधला दोरा. दुसऱ्या दुपारी तेच. मी परत बदलल्या. त्यापुढच्या दुपारीही.

ठमाबाईंना एकदा ते दिसलं. दुपारी झोप लागेना म्हणून त्या इकडे आल्या होत्या. बॅटरी काढून बाजूला जमिनीवर ठेवलेली, आणि पंखा चालू. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग मला हाताला धरून बाहेर नेलं.

जिवतीकडे एक माणूस आहे, त्या म्हणाल्या. घरातलं उतरवतो, विहिरीतलं उतरवतो. गाडीतलंही उतरवेल. फार काही लागत नाही. एक कोंबडं, नारळ. कोणाला कळणार नाही.

"ठमाबाई, गाडीत का हाय थे तरी सांगा."

"मले का मालूम, बाई."

"असन त माह्या बाबाचं असन. आन माह्या बाबाले कोणी उतरवणार नाई."

ठमाबाई म्हणाल्या, तू बापावरच गेली. आणि चहा ठेवायला गेल्या. त्यानंतर रोज दुपारी त्या हॉटेलवर गोणपाट टाकायच्या, पण झोपायच्या नाहीत. मधूनमधून आतून हाक मारून विचारायच्या, हायेस ना. मी आहे म्हणायची.

प्रफुल आला तो भंगारवाल्याला घेऊनच. आला तोही भर दुपारीच. त्याला दुसरी वेळ सापडली नाही.

भंगारवाला जीपला चक्कर मारत टायर ठोकत होता. तोंडाने सारखं काहीतरी हिशेब पुटपुटत होता. समोर आला आणि वाकून जाळी पाहायला लागला.

छप्पर वाजायचं थांबलं. मला कळलं.

त्याच्या कपाळावरचे केस मागे गेले.

तो सरळ उभा राहिला. जीपकडे पाहिलं. मग जमिनीवर ठेवलेल्या बॅटरीकडे पाहिलं. त्याने प्रफुलला सांगितलं की आज त्याच्याकडे गाडी नाही, नंतर फोन करतो. त्याचा ट्रक समोरच उभा होता. तो त्यात बसून गेला.

प्रफुल घाबरला होता आणि म्हणून चिडला.

"ताई, बाबांनी दुकान चालवाले मलेच विचारलं होतं. मी नाई म्हटलं. तेव्हाच संपलं थे. आता तू काऊन धरून बसली? तुले नोकरी हाय, पुस्तकं हायेत. ही गाडी कोणाले खाऊन गेली हे तुले दिसून नाई राह्यलं?"

मी त्याला एवढंच म्हटलं की उद्या दुपारी मी ही जीप त्या वळणापर्यंत नेते आणि परत आणते.

"उकळली त?"

"त ट्रकवर चढव. मी पाहाले बी येणार नाई."

"आन नाई उकळली त?"

"त दुकानाची चावी माह्याजवळ राहीन. गाडी बी. परत इषय नाई काढाचा."

तो तयार झाला. फक्त लालसूभाऊंनी सोबत जायचं आणि परत येऊन काय झालं ते सांगायचं. लालसूभाऊ खोटं बोलत नाहीत, हे आम्हा दोघांनाही मान्य होतं.

लालसूभाऊ यायला तयार नव्हते. ते त्या दिवसानंतर जीपजवळ आलेच नव्हते. मी त्यांना आग्रह केला नाही. सकाळी शटर उघडलं तेव्हा ते बाहेर उभे होते. गावच्या देवाला सांगून आलो, म्हणाले. तुमच्यात चालत नाही ते मला माहीत आहे, पण मी माझ्यापुरतं सांगितलं.

निघण्यापूर्वी मी पान धरलं. दोन्ही बाजूंनी चिकटलं. लालसूभाऊंनीही पाहिलं.

मी चालवत होते. वैनगंगेच्या पुलावरून खाली नुसती रेती दिसत होती. आष्टीत दुकानं बंद व्हायला लागली होती. पुढे जंगल सुरू झालं. सागाची पानं गळून गेलेली, सावली कुठेच नाही. काटा मध्यावर स्थिर होता. लालसूभाऊ काट्याकडे पाहत होते, रस्त्याकडे नाही.

वळण आलं.

मी ओळखलं नसतं. पण लालसूभाऊंनी दाराची कडी घट्ट धरली. आणि...

काटा उठला.

हळूहळू नाही. कोणीतरी बोटाने ढकलावा तसा, थेट लाल पट्ट्याच्या तोंडाशी.

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. वाफ नव्हती. पाणी अजून उकळलेलं नव्हतं. लालसूभाऊ डबकी घेऊन उतरले. पाणी लागणार नाही असं मी म्हटलं, तरी ते गेले. त्यांना तिथून दूर जायचं होतं. मी अडवलं नाही.

ते वळणाआड गेले.

मी बॉनेट उघडलं. दोन्ही पंखे फिरत होते. जंगलात किडे किरकिरत होते, एक होला घुमत होता. मी रस्त्यावरून तेंदूचं पान उचललं.

किडे थांबले.

होला थांबला.

क्लीनरच्या बाजूला पान चिकटलं. मी दुसरं पान ड्रायव्हरच्या बाजूला धरलं. ते उडून माझ्या छातीवर आलं आणि तिथेच राहिलं. हवा इतकी जोरात येत होती.

मी दोरा कापला. तारा बदलल्या. बोटं भाजली. समोर जाऊन उभी राहिले.

हवा माझ्याच अंगावर.

परत बदलल्या. आता तरी आत ओढायला हवी होती. दोन तारा, दोन दिशा. तिसरी दिशा नसते. समोर गेले.

हवा माझ्याच अंगावर.

तारा कशाही लावा, तो पंखा माझ्याकडेच हवा सोडत होता. मी डावीकडे सरकले. हवा डावीकडे आली. रस्त्याच्या कडेला गेले, तर हवा तिथेही आली. माझे केस उडायला लागले आणि तेव्हा मला लालसूभाऊंचं वाक्य आठवलं.

बाबांचेही केस उडत होते.

मी परत गेले आणि जोड पूर्ण तोडला. एक तार उजव्या हातात, एक डाव्या हातात. दोन्ही उघड्या. पंख्याला काहीही जोडलेलं नव्हतं...

पंखा फिरत होता.

तिथे, त्या दोन तारा हातात धरून, मी बोलले. मोठ्याने. त्या रस्त्यावर ऐकायला कोणी नव्हतं, निदान मला दिसत तरी नव्हतं.

लालसूभाऊ भरलेली डबकी घेऊन आले तेव्हा मी तारा जोडून टेप गुंडाळत होते. काटा मध्यावर आला होता. त्यांनी रेडिएटरचं झाकण पाहिलं, त्याला हात लावला, आणि डबकीतलं पाणी स्वतःच प्यायले. उरलेलं मला दिलं. मग आम्ही गाडी वळवून परत आलो.

प्रफुल शटरजवळ उभा होता. ठमाबाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. लालसूभाऊंनी सांगितलं, उकळली नाही, पाणी टाकलं नाही. प्रफुलने चावी माझ्या हातात दिली. त्याचा चेहरा पडलेला होता, पण त्याने शब्द पाळला. जेवायला थांबला आणि संध्याकाळच्या बसने गेला.

आता सुट्टीच्या दिवसांत आणि शनिवार-रविवारी दुकान उघडतं. लोक गाड्या आणतात. सुरुवातीला बाईकडे वायरिंग द्यायला कचरत होते. आता कचरत नाहीत. ज्याने नानाजी चुकला असं पसरवलं होतं, त्या मिस्त्रीला मी बोलावून पंखा दाखवला. त्याच्या हाताने तारा बदलायला लावल्या. एकदा इकडून, एकदा तिकडून. दोन्ही वेळा पान उडालं. नंतर गावातलं ते बोलणं थांबलं.

ड्रायव्हरच्या बाजूचा पंखा अजूनही बाहेरच हवा सोडतो. तरीही जीपचं पाणी उकळत नाही. लालसूभाऊ तीच चालवतात. गेल्या पावसाळ्यात एक बाळंतीण तिच्यातूनच वेळेवर पोहोचली. हे कसं होतं, ते मला सांगता येत नाही.

भर दुपारी छप्पर वाजायचं थांबलं की मी मान वर करते. त्या जीपकडे पाठ करून मी बसत नाही.

कारण एक गोष्ट मला सोडत नाही. हे बाबा असतील, असं मी धरून चालले होते. ठमाबाईंनाही तेच सांगितलं. पण लालसूभाऊ पाणी आणायला गेले, तेव्हा बाबा जिवंत होते. पंखा उलटा होऊन काटा चढला, तोही ते जिवंत असताना. त्या दुपारी तो कोणी फिरवला? त्यांच्या केसांतून जी हवा गेली, ती कोणाची होती?

म्हणून त्या वळणावर मी नेमकं कोणाशी बोलले, ते मला माहीत नाही.

माझ्या बाजूने मी बाबांशीच बोलले. काय बोलले, ते लालसूभाऊंना सांगितलं नाही, प्रफुललाही नाही. दोन्ही हातांत दोन उघड्या तारा होत्या आणि तोंडावर ती गरम हवा येत होती. मी मागे सरले नाही. म्हणाले,

"बाबा, मले दुकान पाहिजे होतं. पुस्तकं बी पाहिजे होती आन दुकान बी. तुमी प्रफुलले विचारलं. मले नाई विचारलं. मी बाजूलेच बसून होती, तरी नाई विचारलं. आता मी बी विचारून नाई राह्यली. तुमी असा नाईतर दुसरं कोणी असा, बाजूले सरका. मले काम करू द्या."